अनेक साधनांच्या जागी एक मोबाइल : निवड कशी करावी?

खेड्यातील प्राथमिक शाळेचे जुने कपाट उघडले, म्हणजे गेल्या काही दशकांतील शिक्षण-साधनांचा इतिहासच समोर उभा राहतो. एका कप्प्यात ट्रान्झिस्टर, दुसऱ्यात टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी, त्याखाली सीडी वाजविण्याचे यंत्र, मागे डिजिटल कॅमेरा, आणि एखाद्या खोक्यात बॅटरी फुगलेला टॅबलेट. शिक्षकाच्या घरीही तीच स्थिती असते. टॉर्च वेगळा, गजराचे घड्याळ वेगळे, गणनयंत्र वेगळे, आणि बोलण्यासाठी बटणांचा जुना फोन वेगळा.

या प्रत्येक साधनाने आपापल्या काळी चांगले काम केले आहे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम ऐकविण्यासाठी शाळेत रेडिओ-संच असणे ही भूषणाची गोष्ट मानली जाई. पुण्यास १९८४ साली बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली, तेव्हा दूरचित्रवाणी संच शाळेत आला. ती संस्था २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी दीक्षा हे व्यासपीठ देशात सुरू झाले. आज बालभारतीच्या पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापलेला असतो. परितेवाडी (जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत असे कोड वापरण्याचा प्रयोग केला, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, हे आपण जाणताच. म्हणजे रेडिओ, दूरचित्रवाणी, कॅमेरा, टेपरेकॉर्डर आणि नोंदवही यांची पुष्कळशी कामे आता एकाच मोबाइलकडे आली आहेत.

तो मोबाइल कोणता घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शासकीय कामासाठी शिक्षकाने स्वतःच्या वेतनातून महाग वस्तू घेतलीच पाहिजे, असा या लेखाचा आशय मुळीच नाही. परंतु जुना फोन निकामी झाल्यावर बहुतेकांना नवा घ्यावा लागतो, आणि तो पैसा घरखर्चातूनच जातो. तो वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

१. आधी कामांची यादी करावी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात आज आपल्यापाशी असलेली साधने लिहावीत, आणि दुसऱ्या रकान्यात त्यांपैकी प्रत्येकाचे खरे काम लिहावे. टॉर्च, घड्याळ, गणनयंत्र, शब्दकोश व नकाशा ही कामे कोणताही साधा स्मार्टफोन करतो. त्यांच्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो चार कामांचा : कागदपत्रांची छायाचित्रे, मुलांच्या उपक्रमांचे चित्रण, शाळेची माहिती भरण्याची ॲप्स, आणि दिवसभर टिकणारी बॅटरी. निवड या चार कामांवरून करावी, जाहिरातीवरून करू नये.

स्वस्त म्हणजे सर्वांत कमी किमतीचे, हा समज महागात पडतो. भारतात त्याचे एक उदाहरण घडून गेले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ नावाचा अत्यल्प किमतीचा टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी मोठ्या गाजावाजाने आला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि केवळ २५६ एमबी रॅम होती. पडद्यावर बोट दाबून धरावे लागे. हेतू उत्तम होता, किंमत खरोखरच अल्प होती. परंतु वापरणाऱ्याची निराशा झाली, कारण नेमून दिलेल्या कामाचे ओझे त्या यंत्राला पेलत नव्हते. हा धडा आजही विसरण्यासारखा नाही.

माझ्या शाळाभेटीत मी एक प्रसंग पाहिला. शिक्षकांनी सर्वांत स्वस्त मोबाइल घेतला होता. माहिती भरण्याचा शेवटचा दिवस होता. ॲप उघडे, अर्धवट चाले आणि बंद पडे. गुरुजी व्हरांड्यात दीड तास त्या पडद्याशी झगडत होते, आणि आत दोन वर्गांची मुले वाट पाहत बसली होती. चुकीच्या निवडीची खरी किंमत रुपयांत मोजता येत नाही, ती अशा तासांत मोजावी लागते.

२. फळा आणि कपाट

विक्रेता ‘४ जीबी, १२८ जीबी’ असे दोन आकडे सांगतो. यांतील भेद शिक्षकास सहज कळण्याजोगा आहे. पहिला आकडा रॅमचा. रॅम म्हणजे वर्गातील फळा. त्या घटकेला जे शिकवायचे ते त्यावर मांडले जाते आणि काम संपताच पुसले जाते. फळा लहान असेल, तर एक उदाहरण पुसल्यावाचून दुसरे लिहिता येत नाही. दुसरा आकडा स्टोरेजचा. ते शाळेचे कपाट होय. तेथे ठेवलेले फोन बंद केला तरी राहते.

आजच्या ॲप्ससाठी ४ जीबी रॅम ही किमान मर्यादा समजावी. ६ जीबी मिळाल्यास फोन अधिक वर्षे तग धरतो. येथे एक सावधगिरी हवी. काही खोक्यांवर ‘४ + ४ = ८ जीबी’ असे छापलेले असते. त्यांतील दुसरे चार हे खऱ्या रॅमचे नसतात. ती जागा स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. कपाटाच्या दारावर खडूने लिहिले म्हणून तो काही फळा होत नाही. त्यावर कामाची गती मंदच राहते. यास्तव मूळ आकडा कोणता, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

कपाट किती मोठे असावे, याचा हिशेब आपणच मांडू. एका छायाचित्रास सुमारे ४ एमबी जागा लागते असे धरले, तर आठवड्यास ४० छायाचित्रांप्रमाणे ४० आठवड्यांत १,६०० छायाचित्रे होतात. त्यांना सुमारे साडेसहा जीबी जागा लागेल. चलचित्राची भूक फार मोठी. सामान्य चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाच्या चित्रणास साधारण १२० एमबी, म्हणजे तासाला सात जीबीहून अधिक जागा लागते. खुद्द फोनची प्रणाली आणि तिच्याबरोबर आलेली ॲप्स पंधरा-वीस जीबी आधीच व्यापून बसतात. हे ध्यानात घेता ३२ जीबीचा फोन वर्षभरात भरतो. ६४ जीबीत काटकसरीने भागते. १२८ जीबी घेणे हे शहाणपणाचे. मेमरी कार्डासाठी स्वतंत्र खाच आहे, की दुसऱ्या सिमच्याच जागी कार्ड बसवावे लागते, हेही पाहावे. दोन सिम वापरणाऱ्यास दुसरी रचना अडचणीची ठरते.

३. बॅटरी आणि आपला उन्हाळा

बहुतेक नव्या फोनांत ५,००० एमएएच अथवा त्याहून मोठी बॅटरी असते. शाळेचा दिवस तीवर सहज निघतो. विजेच्या खर्चाची चिंता नको. अशी बॅटरी एकदा पूर्ण भरण्यास, वाया जाणारी वीज धरूनही, सुमारे २५ वॉट-तास लागतात. म्हणजे चाळीस वेळा भरली तर जेमतेम एक युनिट खर्ची पडते.

चिंता करावी ती उष्णतेची. मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः ४५ अंशांवर असताना भरू नये, असा नियम आहे. कारण उष्णतेत तिच्या आतील रासायनिक झीज वेगाने होते आणि तिची साठवणशक्ती कायमची घटते. आपण मात्र टिनाच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात, फोनवर जाड वेष्टन ठेवून तो चार्जिंगला लावतो, किंवा मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवतो. पुष्कळ फोन तीन वर्षांऐवजी दीड वर्षात थकतात ते यामुळे. उन्हाळ्यात फोन पहाटे अथवा रात्री भरावा, भरताना वेष्टन काढावे, आणि तापलेला फोन थंड करण्यासाठी माठावर वा फ्रिजमध्ये ठेवू नये. तसे केल्यास आत दव धरते. सावलीत, पंख्याखाली ठेवणे पुरे. बॅटरी फुगून पाठीचे झाकण उचलले गेल्यास वापर ताबडतोब थांबवावा आणि तो फोन मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

४. कॅमेऱ्याचे आकडे

‘५० मेगापिक्सेल’ हा आकडा विक्रेता सर्वांत मोठ्याने उच्चारतो. त्याची आपणास कितपत गरज आहे? ए-४ आकाराचा कागद कार्यालयास मान्य होईल अशा ३०० डीपीआय स्पष्टतेने टिपायचा, तर २,४८० गुणिले ३,५०८ बिंदू लागतात. हा गुणाकार सुमारे ८७ लाखांचा, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल इतकाच होतो. १३ मेगापिक्सेलचा चांगला कॅमेरा या कामास पुरतो. आकड्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे ऑटोफोकस, अर्थात कागद जवळ धरला असता अक्षरे आपोआप ठळक होण्याची सोय. मागील बाजूस तीन-चार गोल भिंगे दिसली, तरी त्यांतील २ मेगापिक्सेलची भिंगे बहुधा शोभेपुरतीच असतात.

परीक्षा सोपी आहे. हजेरीपटाचे एक पान सोबत न्यावे, दुकानातील दिव्याखाली त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि ते पडद्यावर मोठे करून कोपऱ्यातील नावे वाचता येतात का ते पाहावे. हीच कसोटी खरी. एवढे जमले की वेगळा स्कॅनर व वेगळा कॅमेरा यांचे काम सरले.

५. आवाज, रेडिओ आणि पडदा

इअरफोनची गोल खाच आता काही फोनांतून नाहीशी होत आहे. शिक्षकाने मात्र ती असलेलाच फोन पसंत करावा. परिपाठाच्या वेळी साध्या वायरने फोन ध्वनिवर्धकास जोडता येतो आणि टेपरेकॉर्डरची उणीव भासत नाही. एफएम रेडिओची सोय असलेल्या फोनांत इअरफोनची हीच वायर बहुधा अँटेनाचे काम करते, आणि त्यास इंटरनेट लागत नाही. वादळ वा पूर यांत मोबाइलचे जाळे बंद पडले तरी रेडिओ ऐकू येतो. या कारणास्तव केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये फोन बनविणाऱ्यांस ही सोय चालू ठेवण्याची सूचना केली होती.

एका साधनाची जागा मात्र मोबाइल घेऊ शकत नाही, ते म्हणजे वर्गातील मोठा पडदा. साडेसहा इंचांचा पडदा म्हणजे साडेसोळा सेंटिमीटरांचा कर्ण. त्याभोवती चार-पाच मुले बसू शकतील, चाळीस नव्हेत. शाळेत स्मार्ट टीव्ही असल्यास फोनचे चित्र त्यावर बिनतारी दाखविता येते. तशी सोय फोनमध्ये आहे का, हे विचारावे. वायरीने चित्र टीव्हीवर नेण्याची सोय मात्र स्वल्प किमतीच्या बहुतेक फोनांत नसते. खाच टाइप-सी असली तरीही नसते. हे ठाऊक नसल्याने अनेकांनी वायरींवर व्यर्थ पैसे घालविले आहेत. शाळेत चालू स्थितीत प्रोजेक्टर वा टीव्ही असेल, तर तो निकालात काढू नये.

६. आपल्या गावचे जाळे

रामटेक व पारशिवनी तालुक्यांत, पेंचच्या जंगलालगतच्या गावी जे जाळे पोचते, ते हिंगण्यास पोचणाऱ्या जाळ्याहून निराळे असू शकते. म्हणून आधी गावात कोणत्या कंपनीचा संकेत शाळेच्या खोलीत मिळतो हे सहकाऱ्यांच्या फोनवरून पाहावे, मग फोन निवडावा. फाइव्हजी सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. आपल्या गावी ती पोचली नसेल, तर केवळ तिच्यासाठी रॅम आणि स्टोरेज यांत तडजोड करू नये. फोन पाच वर्षे वापरण्याचा विचार असेल आणि किमतीत अंतर थोडे असेल, तर फाइव्हजी घेणे दूरदृष्टीचे ठरेल. फोरजीवर थेट बोलता येणे, ज्यास व्होल्टी म्हणतात, ते मात्र आवश्यक समजावे. खाजगी कंपन्यांची थ्रीजी सेवा बंद झाल्यापासून जुने थ्रीजी फोन इंटरनेटसाठी निरुपयोगी झाले आहेत.

७. किंमत वर्षांनी भागावी

सात हजारांचा फोन दोन वर्षांत निकामी झाला, तर वर्षाचा खर्च साडेतीन हजार रुपये. साडेबारा हजारांचा फोन पाच वर्षे चालला आणि मध्ये दीड हजार देऊन बॅटरी बदलली, तर एकूण चौदा हजार, म्हणजे वर्षास दोन हजार आठशे रुपये. ही संख्या उदाहरणादाखल आहे, परंतु रीत कायमची आहे. किंमत नव्हे, किमतीस वर्षांनी भागून येणारा भागाकार पाहावा.

फोन किती वर्षे चालेल, हे दोन गोष्टींवर ठरते. एक, निर्माता किती वर्षे सुरक्षा-सुधारणा देणार आहे. ही मुदत संपल्यावर फोन चालू राहतो, पण बँकेचे व शासकीय व्यवहार त्यावर जोखमीचे होतात, आणि पुढे ॲप्सही चालेनाशी होतात. मागील वर्षीचा फोन सवलतीत मिळत असेल, तर त्या मुदतीतील एक वर्ष आधीच गेले आहे, हे लक्षात ठेवावे. दोन, दुरुस्ती-केंद्र किती जवळ आहे. नागपुरास सीताबर्डीवर सर्व काही मिळते. पण त्यासाठी भिवापूर वा नरखेडहून एक रजा खर्चावी लागते.

हप्त्याने घेताना ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांस भुलू नये. व्याजाशिवाय कर्ज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज किमतीत वा प्रक्रिया-शुल्कात मिसळलेले असते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज या दोन संख्या शेजारी मांडल्या की सत्य दिसते. मोबाइलवरील जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. पक्के बिल न घेता काही रुपये वाचविणाऱ्याची वॉरंटी मात्र बुडते.

८. जुना फोन विकत घेताना

वापरलेला फोन घेणे कमीपणाचे नाही. परंतु चोरीचा फोन अजाणता घेतल्यास शिक्षकाच्या नावास बट्टा लागतो. फोनवर *#०६# दाबल्यास त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीतील केवायएम ही तीन अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास त्या फोनची माहिती मिळते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरही (मे २०२३ पासून) ही सोय आहे, आणि हरवलेला फोन बंद करण्यासाठीही तेथेच अर्ज करता येतो. बिलावरील क्रमांक व फोनवरील क्रमांक एकच असल्याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.

९. एकाच खुंटीवर सर्व ओझे

पूर्वी टॉर्च हरवला तर टॉर्चच हरवत असे. आता एक फोन हरवला म्हणजे घड्याळ, कॅमेरा, डायरी, बँकेची किल्ली आणि शाळेचे दफ्तर ही सर्व एकदम जातात. एका शिक्षिकाभगिनीचा फोन एस.टी.च्या गर्दीत गेला. फोनची किंमत त्यांनी सहन केली. परंतु मुलांच्या चार वर्षांच्या उपक्रमांची छायाचित्रे दुसरीकडे कोठेच ठेवलेली नव्हती. त्यांत शाळा सोडून गेलेली मुले होती. ती पुन्हा मिळणार नव्हती.

यास्तव पुढील नियम पाळावेत. महिन्याच्या अखेरीस सर्व छायाचित्रे शाळेच्या संगणकावर अथवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. फोनला कुलूप-क्रमांक असावा, आणि तो जन्मसाल नसावा. महत्त्वाचे दहा दूरध्वनी क्रमांक कागदी वहीतही लिहून ठेवावेत. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. मुलांची नावे, छायाचित्रे व आधार क्रमांक ही आपल्याकडे ठेव म्हणून आलेली असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. गावाच्या समूहावर मुलांची छायाचित्रे टाकण्यापूर्वी याचे स्मरण ठेवावे.

१०. निवृत्त साधनांची व्यवस्था

नवा फोन आल्यावर जुन्यातील सिम व कार्ड काढावे, सर्व माहिती पुसावी, आणि तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा वस्तूंच्या योग्य विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. चुलीत, उकिरड्यावर वा विहिरीत बॅटरी टाकणे धोक्याचे आहे. शाळेच्या जड वस्तू नोंदवहीतील साधने मात्र परस्पर देऊ नयेत. त्यांच्या निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करावी. चालू अवस्थेतील ट्रान्झिस्टर ठेवून द्यावा. तो फुकट जागा अडवीत नाही.

सारांश

दुकानात जाताना पुढील गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्याव्यात :

(१) खरी रॅम किमान ४ जीबी, शक्यतो ६. स्टोरेज १२८ जीबी.
(२) बॅटरी ५,००० एमएएच, जवळचे दुरुस्ती-केंद्र.
(३) कागद स्पष्ट टिपणारा ऑटोफोकस कॅमेरा.
(४) इअरफोनची खाच. शक्य तर एफएम रेडिओ.
(५) व्होल्टी; आणि गावात पोचणाऱ्या कंपनीचे सिम त्यात घालून पाहिलेला संकेत.
(६) सुरक्षा-सुधारणा मिळण्याची उरलेली वर्षे.
(७) पक्के बिल व त्यावरील आयएमईआय क्रमांक.

या सात गोष्टी जुळल्या, म्हणजे रंग, नाव आणि जाहिरातीतील नटनट्या यांच्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही. साधन उत्तम असावे, परंतु ते शिक्षकाच्या सोयीसाठी असावे. ज्या दिवशी फोनमधील काम पंधरा मिनिटांत उरकून शिक्षक वर्गात परततो आणि उरलेला वेळ मुलांच्या वाचनाकडे देतो, त्या दिवशी त्या फोनची किंमत फिटली असे समजावे.